रुसलेल्या बाईचा हात

माझ्या सासूबाई आमच्या घरी येताना स्वतःचं पाणी घेऊन यायच्या. फिरकीचं झाकण असलेला पितळी तांब्या आणि त्याभोवती गुंडाळलेलं ओलं फडकं. शिरपूरपलीकडच्या आपल्या गावाहून निघायचं, धुळ्याला एसटी बदलायची, जळगावला पुन्हा बदलायची आणि उन्हं डोक्यावर येता येता आमच्या नशिराबादला उतरायचं. तोवर तांब्यातलं पाणी कोमट झालेलं असायचं, पण आमच्या माठाकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत. लेकीच्या घरात नातवंड रांगेपर्यंत तिथलं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा जुना नेम. आमच्याकडच्याही म्हाताऱ्या तो पाळत, पण चहा म्हणजे काही पाणी नव्हे, अशी पळवाट ठेवून पाळत. सासूबाईंना पळवाटा ठाऊक नव्हत्या. आग्रह केला की म्हणायच्या, "पाळना हालू द्या जवाईबापू, मंग पिसू."

नाव सुपडाबाई. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घालून शेजारणीला देऊन टाकलं आणि पसाभर ज्वारी देऊन परत घेतलं. "मी ज्वारीना भावमा उनी," असं त्या हसत सांगायच्या. गाव त्यांना सुपडाअक्का म्हणायचं. मी समोर 'मामी' म्हणायचो आणि मनात अक्का. उंच, काटक, कपाळावर गोंदण. नवरा लवकर गेला, मुलगा नाही, एकुलती एक लेक मंगल. चार एकर कोरडवाहू कपाशी त्या एकट्या बघायच्या. त्यामुळे आखाजीला लेकीला माहेरी न्यायला भाऊ येतो, तसं मंगलला न्यायला कोण येणार? अक्काच यायच्या. बाई मुराळी म्हणून आलेली आमच्या गल्लीनं पहिल्यांदा पाहिली तेव्हा बाया दारात जमल्या होत्या.

खानदेशात आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, काय आहे, ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दिवाळी चुकली तर चालेल, पण आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेलीच पाहिजे. कडुनिंबाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी असतात, आणि खापरावरचे मांडे. मातीचं खापर चुलीवर पालथं घालायचं आणि पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करून त्यावर टाकायची. मंगल हे आईकडे शिकली होती. तिच्या हातावर मांडा असा फिरायचा की माझी आईसुद्धा, जिला सुनेचं काही आवडल्याचं आठवत नाही, ती गप्प बसून बघायची.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. मंगल सव्वीसची, मी तिशीतला, गावच्या शाळेत मास्तर. त्या वर्षी माझ्या दोन्ही बहिणी पुष्कळ वर्षांनी एकदम आखाजीला येणार होत्या. आईचे गुडघे धरलेले. मांडे कोण करणार? सणाच्या दोन दिवस आधी अक्का तांब्या घेऊन अंगणात उभ्या राहिल्या, तेव्हा मी म्हणालो, "मामी, या वर्षी नको. घरात पाहुणे आहेत." मंगल दारात पिशवी भरून तयार होती. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, तांब्यातलं दोन घोट पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "बरं. पुढना साल." आणि त्याच उन्हात परत एसटीच्या थांब्याकडे चालू लागल्या. मंगल पिशवी घेऊन आत गेली. ती रडली नाही. म्हणून मला वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. दोन दिवस आमच्यात अबोला होता. आमच्या घरात अबोल्याची एक रीत होती: जो आधी बोलेल तो हरला. मी वर्गात मुलांना गप्प बसवणारा मास्तर. घरीही मला गप्प बसण्याचा चांगला सराव होता.

आखाजीच्या सकाळी आठच्या सुमाराला मंगल चुलीपुढे बसली. पहिले चार मांडे नीट झाले. पाचवा तिच्या उजव्या हातावरून घसरला आणि राखेत पडला. सहावाही फाटला. धाकटी बहीण हसून म्हणाली, "वहिनीचा जीव माहेरी झोका घेतोय." मंगलनं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही न बोलता मिटलं. मी ओसरीवरून बघत होतो. पाहुण्यांसमोर हा तमाशा नको, म्हणून मी दोन दिवसांत पहिलं वाक्य बोललो: "रुसायचं असेल तर आत जाऊन रूस." ती उठली. भिंतीला हात धरून, एक पाय ओढत मधल्या खोलीत गेली. मी ते पाहिलं होतं. मला वाटलं, मुद्दाम करतेय.

मग दिवसभर कोणी तिकडे गेलं नाही. आई म्हणाली, "राग पोटात गेला की येईल बाहेर." दुपारी मी एकदा दारातून डोकावलो. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी तिथेच उभ्यानं म्हणालो, "जेवायचंय का?" उत्तर आलं नाही. मी बोललो म्हणजे मी हरलो आणि वर तिनं उत्तरही दिलं नाही, या रागात मी परत फिरलो आणि झोक्यावरच्या पोरीबाळी बघत बसलो. संध्याकाळी सातला बहीण ताट घेऊन आत गेली आणि तिनं किंकाळी फोडली. मंगलचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, लाळ गळत होती, लुगडं ओलं झालं होतं आणि उजवं अंग लाकडासारखं पडलं होतं. डोळे तेवढे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते.

केळीच्या ट्रकमधून तिला जळगावला एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तपासता तपासता म्हणाले, "अर्धांगवायू आहे. किती वाजता झालं?"

"चार-साडेचार असतील," मी म्हणालो.

बहीण शेजारी उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. मंगल टेबलावर होती, तिला ऐकू येत होतं. सकाळचे आठ ते संध्याकाळचे सात, हे अकरा तास मी तीनच्या आत बसवले आणि डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले.

अक्कांना शिरपूरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडून निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. रडारड करतील, मला बोलतील, यासाठी मी मनाची तयारी करून ठेवली होती. त्यांनी तांब्या खाटेखाली ठेवला, मंगलचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि नर्सबाईंना विचारलं, "तेल चोळू का?" माझ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "रडनं शे तं भायेर जाई रडा. आठे तिनी देखाले नको." मी बाहेर जाऊन रडून आलो. मी आईपुढेसुद्धा कधी रडलो नव्हतो.

डॉक्टरांनी विचारलं, हिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा का? अक्का म्हणाल्या, यायचा, दहा वर्षांची असताना. त्या तापानं हृदयाची झडप खराब झाली असावी, तिथली रक्ताची गुठळी मेंदूत गेली, असं डॉक्टरांनी सांगितलं. अक्कांनी ते नीट ऐकून घेतलं आणि त्या दिवशी दुपारी भाकरीला हात लावला नाही. त्या तापात त्यांनी पोरीला काढा पाजून कापूस वेचायला नेलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी मंगलनं सांगितलं.

मग दिवस सुरू झाले. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाणी पाजायचं नाही, ठसका लागून छातीत जाईल. उठवून बसवायचं आणि घट्ट काहीतरी, तेही डाव्या गालात, चमच्यानं. अक्का केळं कुस्करून मलईसारखं करायच्या आणि एक एक चमचा तिनं गिळला का, हे तिच्या गळ्याकडे बघून ठरवायच्या. डॉक्टरांनी एकदा सांगितलेलं त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही. मला चारदा सांगावं लागायचं.

आल्या त्याच दिवशी त्यांनी लघवीचं भांडं माझ्या हातात दिलं. माझी आई तिथे बसली होती. तिला घामच फुटला. नवऱ्यानं बायकोचं भांडं उचलायचं म्हणजे काय! अक्का शांतपणे म्हणाल्या, "सात फेरा लिधात ना त्यासनी? हाऊ आठवा समजा." आई संध्याकाळच्या गाडीनं नशिराबादला गेली ती पाच दिवस फिरकली नाही.

समाचाराला माणसं यायची. खाटेपाशी उभं राहून मंगलच्या देखत तिच्याविषयी बोलायची, जशी ती तिथे नाहीच. एक लांबची आत्या चक्क म्हणाली, "एवढी तरुण पोर, अशी पडून राहण्यापेक्षा देवानं सोडवावी." अक्का तेल चोळत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "बाई, दार बंद शे म्हनीसन घर खाली नही राहस. ती बठ्ठं ऐकस. तुम्ही भायेर बसा." आत्या बाहेर गेली आणि पुन्हा आली नाही. मी मात्र ते वाक्य ऐकून गारठलो. ती सगळं ऐकते. म्हणजे चार-साडेचारही तिनं ऐकलं होतं.

माझी त्या दिवसांतली खरी अवस्था कोणाला सांगण्यासारखी नव्हती. ती बोलावी म्हणून मी दवाखान्यासमोरच्या मारुतीला रोज नारळ फोडत होतो. आणि ती बोलली तर पहिलं काय बोलेल, ही धास्ती घेऊन खाटेपाशी परत येत होतो. ती नुसती 'ब', 'ब' करायची, चिडून डाव्या हातानं उशी आपटायची, डोळ्यांतून पाणी काढायची. मी म्हणायचो, "बोल मंगल, मंगल म्हण." अक्का मला थांबवायच्या. "बोंड ओढीसन कापूस निंघत नही, जवाईबापू. त्याले फुटू द्या." मी लगेच थांबायचो. शहाणपणानं नाही, सुटल्यासारखं वाटून. याची मला आजही लाज वाटते.

सातव्या दिवशी दुपारी अक्का तिची वेणी घालत होत्या. केसांचा गुंता सोडवता सोडवता त्या गौराईचं गाणं गुणगुणू लागल्या, दर आखाजीला झोक्यावर म्हणतात ते. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज थांबला, पण गाणं थांबलं नाही. मंगल गात होती. तोंड वाकडं, शब्द बोबडे, पण शब्द होते, ओळीच्या ओळी होत्या. नर्सबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. गाणं संपल्यावर मी धावत जाऊन म्हणालो, "मंगल, पाणी म्हण!" तर पुन्हा 'ब', 'ब'. अक्का म्हणाल्या, "गानं गळामा राहस, बोलनं डोकामा. गळाना रस्ता मोकळा शे, म्हनजे डोकाना बी व्हई."

त्यांच्या चेहऱ्यावर आल्यापासून पहिल्यांदा हसू होतं. ती बोलणार हे आता नक्की झालं होतं. तिच्या तोंडून कळण्याआधी आपल्या तोंडून कळावं, एवढाच माझा धीर. धीर म्हणजे तोही भित्रेपणाच.

मी अक्कांना व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. राखेत पडलेला मांडा, 'आत जाऊन रूस', ओढत नेलेला पाय, दुपारचं दारातलं डोकावणं, डॉक्टरांना सांगितलेली खोटी वेळ. त्या बाकावर बसून ऐकत होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी ते टोक सोडवून नीट केलं. मला वाटलं, आता मारतील तर बरं.

"पह्यले डाक्टरले खरी येळ सांगी या," त्या म्हणाल्या.

मी आत जाऊन सांगितलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, कागदावर खाडाखोड केली आणि म्हणाले, "सकाळी आणली असती तरी मी यापेक्षा वेगळं काही करू शकलो नसतो. मनाला लावून घेऊ नका." ते भल्यासाठीच म्हणाले. पण औषधानं काय झालं असतं हा माझा प्रश्नच नव्हता. अकरा तास ती भिंतीकडे तोंड करून होती, हाक मारता येत नव्हती आणि बाहेर आम्ही मांडे खात होतो.

व्हरांड्यात परत आलो तेव्हा अक्कांनी तांब्याचं झाकण फिरवून काढलं होतं. तांब्या माझ्यापुढे धरला. "प्या." मी प्यालो. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तिले इचारं नही. मी बी तिनं तोंड देखं आनि आंगनमाईन परत गयी, मी बी इचारं नही. आते कोनी कोनले इचाराव?" त्यांनी माझा हात मनगटाशी धरला. कपाशीनं खरवडलेला तो हात मला अजून आठवतो. "एक ध्यानमा ठेवा. बाई गप बसनी का पह्यले तिना हात धरी देखा. ओढी लिधा तं समजा रुसेल शे. नही ओढा तं दवाखाना."

तीन आठवड्यांनी आम्ही घरी आलो. अक्का तीन महिने आमच्याकडे राहिल्या, आणि त्या तीन महिन्यांत आमच्या घरचं पाणी प्याल्या नाहीत. गावाहून पिठाची पिशवी मागवली, अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, तांब्या शाळेच्या हातपंपावर भरून आणायच्या. लेकीची सगळी उस्तवार त्याच घरात करायची आणि तहान लागली की बाहेर जायचं! गल्लीला याचं हसू यायचं. मला यायचं नाही. हा नेम आहे की माझ्यावरचा राग आहे, हे मला ओळखू येईना, आणि विचारायची छाती नव्हती.

मंगल हळूहळू बोलू लागली. आधी पाणी, मग आई, मग नको. दोन महिन्यांनी एका दुपारी मी तिच्या उजव्या हाताची बोटं उघडमीट करून देत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि शब्द एक एक करून वेचल्यासारखे काढले. "मी... रुसले... नव्हते."

तिचं ते पहिलं पूर्ण वाक्य. त्यानंतर तिनं त्या दिवसाचा विषय आजतागायत काढलेला नाही. कधी भांडण झालं आणि ती गप्प बसली की मी सरळ जाऊन तिचा उजवा हात धरतो. ती तो जोर लावून ओढून घेते आणि म्हणते, "सोड. रुसले आहे." तेवढा जोर त्या हातात आता आहे. मांडे मात्र पुन्हा झाले नाहीत.

हृदयाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी बाळंतपणाला मनाई केली. पाळणा हलला नाही. अक्का पुढेही दर आखाजीला तांब्या घेऊन येत राहिल्या आणि मंगलला घेऊन जात राहिल्या. मी एकदा न राहवून म्हणालो, "मामी, आता पाळणा काही हलायचा नाही. आता तरी आमचं पाणी घ्या." त्या हसल्या. "नेम मना शे, तुमना काय दोस?" म्हणाल्या, पण पाणी घेतलं नाही. दोष नाही असं त्या म्हणाल्या, ते मी त्या गेल्यावर कितीदा तरी मनात घोळवून पाहिलं. त्यावर माझा विश्वास बसला नाही.

त्या आखाजीनंतर बारा वर्षांनी, कापूस वेचणीच्या दिवसांत, शेजारच्या फोनवर निरोप आला की अक्कांना ताप आहे. आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो. पोचलो तेव्हा अक्का खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या. शेजारणी म्हणाल्या, "काल सकाळपासून बोलत नाहीत. चिडलेल्या असतील, शेतात जाऊ दिलं नाही ना आम्ही." मंगल उशाशी बसली. मी पायथ्याशी उभा होतो. मग पुढे होऊन मी अक्कांचा हात धरला.

ओढून घ्या, मामी. मी मनातल्या मनात विनवत होतो. इतकी वर्षं मला तुमच्या रागाची भीती वाटली. आज तो राग मला हवा आहे. झटकून टाका माझा हात. मी बोटं जरा जास्तच दाबली असतील. त्यांचा हात माझ्या हातात तसाच राहिला.

मी बाहेर येऊन गाडीसाठी ओरडलो. जीप मिळाली. शिरपूरच्या दवाखान्यापर्यंत मी मागच्या बाकावर त्यांचा हात धरून बसलो होतो. तिथले डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "केव्हापासून असं आहे?"

"काल सकाळपासून," मी म्हणालो.

त्यांचा आवाज चढला. "काल सकाळपासून? मग इतका वेळ काय करत होता तुम्ही लोक?"

मंगल पुढे झाली. आम्ही आत्ताच नशिराबादहून आलो, आमचा काही दोष नाही, हे तिला सांगायचं होतं. पण घाईत तिचे शब्द अजूनही अडतात. तिचे ओठ जुळवाजुळव करत होते.

ते जुळायच्या आत मी म्हणालो, "चुकलं, डॉक्टर." अक्कांचा हात अजून माझ्या हातात होता.